बऱ्याच वर्षांनी गोव्यात घरी जाताना: तयारी कुठून सुरू करावी

पंधरा वर्षं मी दर रविवारी आईला व्हिडिओवर पाहत होते. ती नेहमी त्याच खुर्चीत, खिडकीशेजारी बसलेली असायची. चेहरा टवटवीत, आवाज खणखणीत. २०२३ साली साखळी गावाजवळच्या आमच्या घरी पोचले, तेव्हा कळलं की त्या खुर्चीतून ती फारशी उठतच नाही. दारातून अंगणात उतरायला चिऱ्याच्या चार उंच पायऱ्या आहेत. त्या तिला उतरवत नव्हत्या. तुळशीला पाणी दोन वर्षांपासून वहिनी घालत होती. फोनवर चेहरा दिसतो, गुडघे दिसत नाहीत. मी ‘बरी आहेस ना?’ असं विचारायचे आणि ती ‘बरी आहे’ म्हणायची.

त्या पहिल्या खेपेची माझी सगळी तयारी खरेदीची होती. त्यानंतर मी दोनदा जाऊन आले आणि ओळखीतल्या काही घरांना त्यांची तयारी करायला मदत केली. दहा-पंधरा वर्षं घरी न गेलेल्या गोंयकारांना सांगण्यासारखं माझ्याकडे आहे ते हेच, की ही तयारी विचारपूस करण्यापासून सुरू होते. तिकीट, व्हिसा, बॅगा त्यानंतर.

सहा महिने आधी: एक लांब फोन

हा फोन आईवडिलांना करू नका. त्यांच्याबरोबर रोज जो राहतो त्याला करा. वहिनी असेल, धाकटा भाऊ असेल, किंवा शेजारची काकी असेल. दुपारी जेवणं आटोपून घरातली मंडळी आडवी झाली की ती व्यक्ती मोकळेपणाने बोलते. समोर वही ठेवा.

विचारायच्या गोष्टी साध्या असतात, पण नेमक्या विचाराव्या लागतात. चालताना कशाला धरावं लागतं का? रात्री किती वेळा उठतात? टीव्हीचा आवाज किती मोठा लागतो? न्हाणीघरात कमोड आहे की खाली बसायचं आहे? कुठली औषधं चालू आहेत आणि ती कोण आठवणीने देतं? एकच गोष्ट परत परत विचारतात का? यातल्या दोन-तीन उत्तरांनी तुमचा सगळा बेत बदलू शकतो. वडिलांना गाडीत तासभरही बसवत नसेल, तर त्यांना घेऊन सगळ्या देवळांना जायचा विचार आत्ताच सोडून द्या.

पुढचा प्रश्न अवघड आहे, पण टाळू नका: मधल्या वर्षांत कोण कोण गेलं? परदेशात राहणाऱ्याला जवळच्या माणसांच्या जाण्याची बातमी कळते, पण वाड्यावरची बाकीची माणसं गेल्याचं कुणी सांगायचं राहून गेलेलं असतं. मला शाळेत पोचवणारी आमच्या शेजारची मावशी चार वर्षांपूर्वी वारली होती. ते मला तिच्या सुनेला ‘मावशी कुठे आहे?’ असं विचारल्यावर कळलं. सून काही बोलली नाही, तिने आत जाऊन पाणी आणलं. म्हणून वाड्यावरच्या एकेका घराचं नाव घेऊन विचारा. त्यातूनच भेटीची यादी तयार होते.

कोण कोणाशी बोलत नाही, कुणाचं लग्न मोडलं, कुणाची नोकरी गेली हेही विचारून घ्या. डिचोली, सत्तरी, सांगे या भागातली तुमची माणसं असतील तर खाणींबद्दल खास विचारा. २०१२ साली खाणी बंद झाल्या, मध्ये काही काळ सुरू झाल्या, आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीज रद्द केल्यावर पुन्हा थांबल्या. मी २००८ मध्ये परदेशी गेले तेव्हा ज्या घरांच्या दारात दोन-दोन ट्रक उभे असायचे, त्या घरांत आज वेगळंच चित्र आहे. तिथे चार माणसांत ‘आता काय करतोस?’ असं विचारलं की समोरच्याची मान खाली जाते. आधी ठाऊक असलं तर तो प्रश्न आपण विचारत नाही.

कधी जायचं

बहुतेक सगळ्यांच्या मनात चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी असते. माटोळीला, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या चौकटीला, बांधलेली आंबाडे, कांगलां, माट्टुल्या, सुपारीची शिपटी, त्याखाली गणपती, नेवऱ्यांचा आणि खतखत्याचा वास, रात्री घुमट या मातीच्या वाद्यावरच्या आरत्या, फुगड्या. मूळ घरात सगळी भावंडं एकत्र सापडतात ती याच दिवसांत. २०२६ साली चवथ १४ सप्टेंबरला आहे. पण एक लक्षात घ्या. चवथीत सगळे भेटतात आणि कुणाशीच निवांत बोलता येत नाही. आईला स्वयंपाकघरातून सवड नसते, कचेऱ्या बंद असतात, पाऊसही पुरता गेलेला नसतो. पहिलीच खेप असेल तर चवथीच्या आधी येऊन लगेच निघण्याऐवजी चवथ धरून पुढे तीन आठवडे तरी राहा. घरात कुणी गेल्याला वर्ष झालेलं नसेल तर सण कसा करणार तेही विचारा. घराण्याघराण्याची रीत निराळी असते.

मला विचाराल तर पहिल्या खेपेला जानेवारी-फेब्रुवारी उत्तम. हवा कोरडी असते, पौषात बायकांचे धालो नाच, माघात कवळ्याच्या शांतादुर्गेची आणि मंगेशीची जत्रा, गावोगावच्या देवळांसमोर रात्रभर रंगणारी मराठी नाटकं, आणि सरकारी कामं करायला कचेऱ्या उघड्या. मे महिन्यात मानकुराद आंबे, फणस आणि सुट्टीतली मुलं भेटतात, पण थंड देशात वाढलेल्या पोरांना तो घाम सोसत नाही. डिसेंबरचे शेवटचे पंधरा दिवस पर्यटकांचे. तिकिटं महाग आणि किनाऱ्याकडचे रस्ते तुंबलेले. जून-जुलैत यायचं तर ताज्या मासळीची फार आशा धरू नका. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत ६१ दिवस ट्रॉलरना बंदी असते, त्यामुळे खाडीतलं आणि नदीतलं जे मिळेल त्यावर भागवायचं, नाहीतर पुरुमेंताचं, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेलं सुकं आहेच.

घरातलं माणूस ऐंशीच्या पुढचं असेल, तर ऋतू बघत बसू नका. मिळेल ती रजा घ्या आणि निघा.

चार महिने आधी: कागदपत्रं

भारतीय पासपोर्टवर असाल तर काम सोपं. पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतर सहा महिने तरी असू द्या. आखातातून येणाऱ्यांनी आपल्या रहिवासाच्या अटी आधी वाचाव्यात. संयुक्त अरब अमिरातीतला नेहमीचा रेसिडेन्स व्हिसा सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलं की साधारणपणे रद्द होतो. आजारी माणसाजवळ राहता राहता सहा महिने कसे जातात ते कळत नाही.

दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं असेल तर भारतीय पासपोर्ट जमा करून सरेंडर सर्टिफिकेट घ्यावं लागतं, कारण भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. गोव्यात हा मुद्दा घरोघरी आहे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी इथे जन्मलेल्यांची आणि त्यांच्या मुला-नातवंडांची लिस्बनमध्ये नोंद करून पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेले हजारो लोक आहेत. हाती पोर्तुगीज पासपोर्ट आणि कपाटात भारतीय पासपोर्ट अशा स्थितीत प्रवास करू नका. आधी वकिलातीत जाऊन तो व्यवहार पुरा करा. गावच्या मतदार यादीत अजून नाव असेल तर तेही काढायला सांगा. परदेशी नागरिकाला इथे मत देता येत नाही.

त्यानंतर ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळणारं कार्ड. त्यासाठी अडीच-तीन महिने हातात ठेवा. ज्यांच्याकडे जुनं कार्ड आहे त्यांनी नियम एकदा पाहून घ्यावा. वीस वर्षांचं होण्याआधी कार्ड काढलं असेल, तर वीस पूर्ण झाल्यावर मिळालेल्या पहिल्या नव्या पासपोर्टच्या वेळी ते एकदा नव्याने काढावं लागतं. वीस पूर्ण होईपर्यंत प्रत्येक नव्या पासपोर्टची आणि पन्नाशीनंतर एकदा नव्या पासपोर्टची प्रत व फोटो तीन महिन्यांत ऑनलाइन चढवायचा असतो. मुलांचं कार्ड वेगळं निघतं आणि अर्जावर आईवडील दोघांच्या सह्या लागतात. एकच पालक मुलांना घेऊन येत असेल, तर दुसऱ्याचं नोटरी केलेलं संमतिपत्र बरोबर असू द्या. व्हिसावर येणाऱ्या परदेशी जोडीदाराने ई-अरायव्हल कार्ड प्रवासाआधीच्या तीन दिवसांत भरायचं असतं. ही सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून सुरू झाली आहे.

तिकीट: गोव्यात आता दोन विमानतळ आहेत

हे वाचून काहींना नवल वाटेल, पण २०२३ पूर्वी परदेशी गेलेल्या कित्येकांच्या डोक्यात ‘गोवा विमानतळ’ म्हणजे दाबोळीच असतं. पेडणे तालुक्यातल्या मोपा इथला मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ ५ जानेवारी २०२३ पासून सुरू झाला. मी मोपाला उतरले आणि माझा भाचा दाबोळीला उभा होता. घरी पाठवलेल्या मेसेजमध्ये मी नुसतं ‘गोवा, सकाळी साडेनऊ’ एवढंच लिहिलं होतं. तो तिथून निघून पोचेपर्यंत दीड तासाहून जास्त वेळ गेला. तिकिटावर दाबोळीचा कोड जीओआय, मोप्याचा जीओएक्स. घरच्यांना कळवताना विमानतळाचं नाव लिहून कळवा.

पेडणे, बार्देश, डिचोली, सत्तरी या भागात घर असेल तर मोपा. सासष्टी, मुरगाव, केपे, काणकोणकरांना आणि बहुतेक फोंडेकरांना दाबोळी. मोप्याहून काणकोण म्हणजे गोव्याचं एक टोक ते दुसरं टोक. मुंबईमार्गे येणार असाल तर इमिग्रेशन आणि कस्टम मुंबईतच होतं. बॅगा उचलून पुन्हा द्याव्या लागतात, आणि पुढचं विमान दुसऱ्या टर्मिनलवरून असू शकतं. मध्ये चार तास तरी ठेवा. ज्यांना विमानाचा ताण नको त्यांच्यासाठी मुंबईहून मडगावपर्यंतची वंदे भारत २०२३ च्या जूनपासून धावते आणि ती थिवीला थांबते.

उतरल्यावर मोबाइलवर मुंबई-पुण्यात वापरता त्या टॅक्सी-ॲपच्या भरवशावर राहू नका. विमानतळावरचा प्रीपेड काउंटर, गोवा माइल्स हे इथलं टॅक्सी-ॲप, कदंबची सरकारी बस, किंवा घरची गाडी. पहिल्याच दिवशी स्वतः गाडी चालवायचा उत्साह आवरा. रात्रभरच्या प्रवासानंतर डाव्या बाजूने, गुरं आणि दुचाक्या चुकवत, नवे उड्डाणपूल ओलांडत जाणं धोक्याचं आहे. भाड्याने घेतलेल्या गाडीला काळ्या पाटीवर पिवळे आकडे असायला हवेत. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी कुणी भाड्याने देत असेल तर घेऊ नका.

घर आणि जमीन: हा विषय निघणारच

सगळ्यात जास्त मनं दुखावतात ती इथे, म्हणून थोडं सविस्तर.

गोव्यात वारसा १८६७ च्या पोर्तुगीज सिव्हिल कोडपासून आलेल्या कायद्याने चालतो. आता त्यासाठी २०१२ चा वारसा, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरीचा कायदा आहे आणि तो २०१६ च्या अखेरीस लागू झाला. त्यातल्या तीन गोष्टी परदेशी राहणाऱ्याने समजून घ्याव्यात. मुलगा आणि मुलगी यांचा हक्क सारखा. लग्न करताना वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, म्हणजे विक्रीवर तुमच्या जोडीदाराचीही सही लागते. आणि मुलं असतील तर आईबापाला मृत्युपत्राने फक्त अर्ध्या मालमत्तेचीच मनासारखी वाट लावता येते, उरलेली अर्धी वारसांचीच. आईवडील गेल्यानंतर विशेष नोटरीकडे वारस कोण ते नोंदवणारी सक्सेशन डीड करावी लागते, आणि वाटणी करायची तर बहुधा कोर्टात इन्व्हेंटरी, म्हणजे मालमत्तेची यादी करून वाटणी.

यातून रोजच्या व्यवहारात काय होतं? गावातला भाऊ दहा वर्षं घरपट्टी भरतो, कौलं शाकारतो, आईला बांबोळीच्या सरकारी इस्पितळात नेतो-आणतो, आणि कुठलाही कागद पुढे सरकवायचा तर त्याला टोरांटोतल्या बहिणीची सही लागते. तुम्ही येताय हे कळलं की कागद तयार होतात. यात कपट असेलच असं नाही. बहुतेक वेळा त्याला फक्त तुम्ही एकदाच समोर सापडता.

म्हणून निघण्याआधीच भावंडांना स्वतःहून विचारा: ‘मी असताना कुठलं कागदाचं काम उरकायचं आहे का? मसुदा आधी पाठव.’ मसुदा आपल्या वकिलाला दाखवा. पोचल्यावर जेवणाच्या टेबलावर समोर आलेल्या कागदावर सही करू नका, कितीही जवळचं माणूस असलं तरी. आणि तितकंच महत्त्वाचं म्हणजे तुम्ही स्वतः पहिल्या आठवड्यात ‘माझा वाटा’ हा शब्द काढू नका. ज्याने पंधरा वर्षं ते घर उभं ठेवलं, त्याला आधी ऐकून घ्या.

येताना जन्मदाखला, लग्नाचा दाखला, आईवडिलांच्या लग्नाची नोंद, गेलेल्यांचे मृत्युदाखले आणि एक-चौदाच्या, म्हणजे जमिनीच्या नोंदीच्या उताऱ्यांच्या प्रती एका फाइलमध्ये आणा. एक-चौदाचे उतारे भूमी अभिलेख खात्याच्या संकेतस्थळावर दिसतात. परदेशातूनच ते पाहा आणि आजोबांचं नाव अजून जागच्या जागी आहे का ते तपासा. मालक परदेशी असलेल्या, वर्षानुवर्षं कुणी न फिरकलेल्या जमिनी खोट्या कागदांनी बळकावल्याची इतकी प्रकरणं निघाली की २०२२ साली सरकारला त्यासाठी विशेष तपास पथक नेमावं लागलं. परदेशात केलेलं मुखत्यारपत्र असेल तर ते वकिलातीतून साक्षांकित किंवा अपोस्टील केलेलं हवं आणि भारतात आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरायला हवा. ओसीआयवाल्यांना शेतजमीन विकत घेता येत नाही, पण वारशाने येणारी येते.

सहा-आठ आठवडे आधी: डॉक्टर

‘मी तिथेच वाढलोय, मला काय होणार!’ असं म्हणणारेच जास्त आजारी पडतात. घरी जाणारा माणूस पर्यटकासारखी काळजी घेत नाही, विहिरीचं पाणी पितो, रात्री अंगणात बसतो, आणि लहानपणी मिळालेली प्रतिकारशक्ती मधल्या वर्षांत ओसरलेली असते. टायफॉइड आणि हेपटायटिस ए या लसींबद्दल डॉक्टरांना विचारा. मलेरियाच्या गोळ्या हव्यात की नकोत हेही तेच ठरवतील. डेंग्यूसाठी मुलांना पूर्ण बाह्यांचे कपडे आणि डास पळवायचं मलम. सत्तरीत काजूच्या बागायतीत किंवा रानात जाणार असाल, विशेषतः जानेवारी ते मे, तर माकडतापाची माहिती घ्या. तो गोचिडीच्या चावण्याने होतो. रानातून आल्यावर अंघोळ आणि अंगभर तपासणी, एवढं नेमाने करा.

स्वतःची औषधं मूळ पाकिटात, चिठ्ठीसह, हातातल्या बॅगेत. तातडीच्या वेळी गाडीसाठी १०८.

बॅग भरताना

पहिल्या खेपेला मी तीन किलो चॉकलेटं नेली होती. आईला मधुमेह, दादाला मधुमेह, आणि भाचीला ती सगळी मडगावच्या मॉलमध्ये मिळतात. दुसऱ्या खेपेला मी प्रत्येकाला वेगळं विचारलं. वहिनीने बऱ्याच आढेवेढ्यांनंतर सांगितलं: ‘पायाला न बोचणारे, उभ्याने भांडी घासताना घालायचे मऊ सपात आणशील?’ काकांना मोठ्या आकड्यांचं घड्याळ हवं होतं. ‘काही नको गो’ या पहिल्या उत्तरावर थांबू नका, दोनदा विचारा.

आणि एक गोष्ट नक्की न्या: छापलेले फोटो. फोनमधले नव्हे. तुमचं घर, बर्फातला रस्ता, मुलांची शाळा, नवऱ्याचं कामाचं ठिकाण, तुम्ही जेवता ते टेबल. प्रत्येकाखाली मराठीत एक ओळ लिहा. माझ्या आईने तो अल्बम उशीजवळ ठेवला. येईल-जाईल त्याला ती बोट ठेवून सांगायची, ‘हे तिचं स्वयंपाकघर. खिडकी बघ केवढी आहे.’ इतकी वर्षं मी रोज उभी राहते ती जागा तिला माहीतच नव्हती.

कस्टमचं थोडक्यात. वर्षाहून अधिक काळ बाहेर राहिलेल्यांना दागिने पुरुषाला २० ग्रॅम आणि बाईला ४० ग्रॅमपर्यंत करमुक्त. ५,००० अमेरिकी डॉलरपेक्षा जास्त रोख नोटा, किंवा चेक वगैरे धरून १०,००० पेक्षा जास्त असेल तर जाहीर करावं लागतं. ई-सिगरेट भारतात बंद आहे. डोंगरात फिरणारे लोक वापरतात ती सॅटेलाइटवर चालणारी यंत्रं परवानगीशिवाय आणणं गुन्हा आहे, मुलाच्या बॅगेत चुकून राहिलं असेल तर घरीच काढून ठेवा.

पैसे आणि फोन

कपाटात जपून ठेवलेल्या जुन्या ५०० आणि १,००० च्या नोटा नोव्हेंबर २०१६ पासून चालत नाहीत. दोन हजाराच्या नोटा मे २०२३ मध्ये मागे घेतल्या. त्या रिझर्व्ह बँकेच्या ठरावीक कार्यालयांतच बदलतात आणि गोव्यात तसं कार्यालय नाही. आता पाव विकणारा पोदेरही यूपीआयचा कोड लावून फिरतो. परदेशी गेल्यावर इथलं बँक खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचं खातं करून घ्यायला हवं होतं. ते राहिलं असेल तर या खेपेला पहिलं काम तेच. दोन वर्षं व्यवहार नसलेलं खातं निष्क्रिय होतं, शाखेत जाऊन केवायसी केलं की पुन्हा चालू होतं. सिमकार्ड दुसऱ्याच्या नावावर घेऊ नका. आपल्या कागदांवर घ्या, थोडा वेळ लागला तरी चालेल.

पोचल्यावरचे पहिले दिवस

पहिले तीन दिवस कुठेही जाऊ नका. घरात बसा. कोण कधी उठतं, कोण गोळ्या घेतं, पाणी किती वाजता येतं, हे सगळं बघा. उकड्या तांदळाची पेज प्या. लोक येतील. प्रत्येक जण विचारेल, ‘केन्ना आयलें?’ आणि त्याच दमात, ‘परत केन्ना वतलें?’ पहिल्यांदा हे ऐकून मला वाईट वाटलं होतं, आत्ताच आले आणि जायचं विचारतात! नंतर कळलं, तुम्हाला जेवायला कधी बोलवायचं याचा ते हिशेब करत असतात.

चौथ्या दिवसापासून भेटी. आधी ज्या घरांत मधल्या वर्षांत कुणी गेलं ती घरं, मग बाकीची. हा क्रम पाळा. आमच्याकडे दुखवट्याला जाताना हातात मिठाई वगैरे नेत नाहीत. नुसतं जाऊन सोप्यावर बसायचं. पाच वर्षं होऊन गेली असली तरी जा. मावशीच्या सुनेकडे मी दुसऱ्यांदा गेले तेव्हा तिने मावशीचा शेवटचा आठवडा सगळा सांगितला, मी काही न विचारता. दिवसाला दोनच घरं ठेवा. कुणी जेवल्याशिवाय सोडत नाही आणि तिसऱ्या घरी तुम्ही ताटाकडे बघत राहता, त्याचा त्या घरच्यांना राग येतो.

ग्रामदेवता आणि कुलदेवता यांना जायचंच असतं. काही देवस्थानांत कपड्यांचे नियम आहेत आणि काही ठिकाणी परदेशी व्यक्तींना प्रवेश नसतो. जोडीदार परदेशी असेल तर आधी फोन करून विचारा, दारात त्याचा मान जायला नको. गाऱ्हाणं घालताना पुजारी नाव, गाव, सात समुद्रापलीकडचा प्रवास सगळं देवाच्या कानावर घालतो. मुलांना ते ऐकू द्या, आधी अर्थ सांगून ठेवा.

मुलांबद्दल इतकंच. त्यांना निदान हाका शिकवून आणा: आजी, आजोबा, मामा, मामी, काकी. घरात कोंकणी कानावर पडेल आणि आजोबांच्या हातात मराठी वर्तमानपत्र दिसेल. या दोन्ही आपल्याच आहेत हे त्यांना निघण्याआधी सांगा. आणि सकाळी पोदेरचा भोंपू वाजला की आजोबांबरोबर त्यांना पिशवी घेऊन पाठवा. माझ्या मुलाला मराठी चार वाक्यं येत होती. पावांतला गरम उंडो कुठला आणि कांकण कुठलं हे तो आठवड्यात शिकला, आणि आजोबांशी त्याचं बोलणं तिथून सुरू झालं.

शेवटचा आठवडा घरासाठी ठेवा

निघायच्या आदल्या दिवसापर्यंत लोक बाजारहाट करत असतात. डिचोलीचे काजू, खाजें, आमसुलं, उकडे तांदूळ दोन दिवसांत होतात. तुमचा देश कुठले पदार्थ आत घेऊ देतो तेवढं पाहा. बाकीचे दिवस त्या पहिल्या फोनमध्ये लिहिलेल्या वहीकडे परत वळा. औषधांच्या कपाटाचा फोटो काढा. डॉक्टरांचा, औषधवाल्याचा, शेजाऱ्यांचा, गॅसवाल्याचा नंबर लिहून घ्या. आईवडिलांच्या डॉक्टरांना एकदा स्वतः भेटा, म्हणजे पुढे परदेशातून केलेला फोन ते ओळखतील. न्हाणीघरात धरायला दांडा, जिन्यावर दिवा, झोपायच्या खोलीत घंटा, अशा कामांना माणूस बोलवायचा तर गोव्यात चार दिवस आधी सांगावं लागतं, आणि तो आठव्या दिवशी येतो. पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवा.

आमच्याकडे फॅब्रिकेशनवाला मी निघायच्या दोन दिवस आधी आला. पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना पाइपचा कठडा, आईच्या हाताच्या उंचीचं माप घेऊन. रंग वाळायला रात्र गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनीने तांब्या भरला, तर आईने तो तिच्या हातातून घेतला, डाव्या हाताने कठडा धरला आणि एकेक पायरी दोन्ही पाय टेकवत खाली उतरली. मी खाली अंगणात उभी होते. तिने माझ्याकडे बघितलंही नाही, सरळ तुळशीकडे गेली.